सहभागी नेतृत्वाचं प्रशिक्षण झालं, आता सुरुवात कुठून करायची?

मांडवीची_मास्तरीण (धागाकर्ती) · ६ जुलै, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मी वडोदऱ्यात एका ग्रान्टेड (अनुदानित) माध्यमिक शाळेत आचार्य आहे. २१ वर्षं विज्ञान शिकवलं, मग एचमॅट (मुख्याध्यापक पदासाठीची परीक्षा) दिली, पास झाले आणि गेल्या वर्षापासून त्या खुर्चीत बसतेय. (महाराष्ट्रातल्यांसाठी: आमच्याकडे मुख्याध्यापकाला आचार्य म्हणतात, आणि बाई असली की अख्खी शाळा तिला मोटाबेन म्हणते. माझ्याहून वयाने मोठे असलेले पटावाळेकाका, म्हणजे शिपाईकाकासुद्धा.) शाळा गुजराती माध्यमाची, स्टाफ २२ जणांचा, त्यात आम्ही मराठी चौघी.

मे महिन्यात पाच दिवसांचं प्रशिक्षण झालं. विषय, शाळाप्रमुखांसाठी सहभागी नेतृत्व. कुठे आणि कुणी घेतलं ते सांगत नाही, माणसं भली होती. रंगीत चिठ्ठ्या, चार्ट पेपर, लोकरीचा गुंडा एकमेकांकडे फेकून जाळं विणायचा खेळ. चहा पाचही दिवस वेळेवर. शेवटच्या दिवशी मी वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं: निर्णय एकटीने घ्यायचे नाहीत.

जूनमध्ये शाळा उघडली, प्रवेशोत्सव पार पडला, आणि पहिल्याच स्टाफ मीटिंगला मी म्हटलं, यंदा वार्षिक आयोजन, म्हणजे वर्षाचं नियोजन, आपण मिळून करू या, मी पान कोरं ठेवलंय, तुम्ही बोला. कुणीच बोलेना. डोक्यावरचा पंखा कुठे घासतोय ते मला त्या दिवशी कळलं. शेवटी संस्कृतच्या बेन म्हणाल्या, "मोटाबेन, तमे कहो तेम." (तुम्ही म्हणाल तसं.) सगळ्यांनी माना डोलावल्या, सह्या केल्या आणि १२ मिनिटांत मीटिंग आटोपली. मग पार्किंगमध्ये मात्र अर्धा तास घोळका. मी खिडकीतून बघत होते. तिथे सगळेच बोलत होते, हातवारे करकरून.

मग मी समित्या केल्या. सात. प्रत्येकीला एक प्रमुख. आता ते सातही जण रोज दारात उभे राहून विचारतात, "बेन, असं करू का?" पूर्वी जे एका फेरीत व्हायचं त्याला आता सात फेऱ्या लागतात.

ज्यांनी शाळेत हे खरोखर करून पाहिलंय त्यांनी सांगा, सुरुवात कुठून केलीत? आणि असल्या प्रशिक्षणांनी कुणाला काही मिळालंय का, की मीच वर्गात लक्ष दिलं नाही?

शेवउसळ · ६ जुलै, रात्री ११:०४

पहिला!

लोकरीचा गुंडा आमच्या बँकेतही आला होता. मॅनेजरसाहेब त्यात अडकून पडता पडता वाचले. एवढाच काय तो टीमवर्कचा क्षण. (हलकेच घ्या.)

बी_एड_पीडित · ६ जुलै, रात्री ११:३१

ताई, तुमच्याबद्दल आदर ठेवून लिहितो. मी खाजगी शाळेत आहे, चौथं वर्ष. "सहभागी" हा शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. काम आमचं आणि फोटो त्यांचा, असा आमचा अनुभव. रात्री पावणेअकराला ग्रुपवर येतं, "उद्याच्या कार्यक्रमासाठी सूचना हव्यात, सर्वांचा सहभाग अपेक्षित." सूचना दिली की तीच आपल्या गळ्यात. म्हणून कुणी तोंड उघडत नाही. तुमचे २१ जण गप्प बसले ते भित्रे म्हणून नव्हे, शहाणे म्हणून.

शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे तास ४५ धरलेत, आणि त्यात तयारीचा वेळही आला. (पहिली ते आठवीपुरतं आहे ते, मला माहीत आहे.) वह्या, चाचण्यांचे मार्क, यूडायसची (शाळांच्या सरकारी नोंदणीची) माहिती, कुणाकुणाला बीएलओचं, म्हणजे मतदारयादीचं काम. मिळून ठरवायला तास कुठला काढायचा, ते त्या पाच दिवसांत कुणी सांगितलं का?

मांडवीची_मास्तरीण · ६ जुलै, रात्री ११:४०

नाही सांगितलं. आणि कुणी विचारलंही नाही, मीही नाही.

खडूचा_तुकडा · ७ जुलै, सकाळी ६:१५

वय ७४, राहणार दांडिया बाजार. मास्तरकीत ३३ वर्षं गेली, त्यातली ११ मुख्याध्यापकीत. मी हुकूमशहा होतो हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी माझा विद्यार्थी इथे येऊन सांगायला नको.

बडोद्याला हुकमाचा वारसा आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं. मूल शाळेत आलं नाही की बापाला दंड. आम्हाला हे सांगताना छाती फुगायची, अजून फुगते. पण दंडाने मूल दारापर्यंत येतं, पुढचं मास्तरच्या हातात, आणि त्या मास्तरला दंड करून काही होत नाही. हे मला कळायला पाय मोडावा लागला.

खराच मोडला. ऐन मे महिन्यात, जिन्यावरून. टाइमटेबल मी दरवर्षी सुट्टीत घरी करायचो. जमिनीवर चादर अंथरायची आणि तीवर पुठ्ठ्याचे तुकडे, प्रत्येक शिक्षकाचा रंग वेगळा. पंखा लावायचा नाही, तुकडे उडतात. घरातल्यांनी त्या खोलीतून जायचं नाही. त्या वर्षी पाय प्लास्टरमध्ये, म्हणून ते काम दोघांवर सोपवलं, भूगोलाचे एक आणि चित्रकलेचे एक. मनात म्हटलं, जुलैत दुरुस्त करू.

जुलै उजाडला आणि एकही तक्रार नाही. दरवर्षी पहिल्या आठवड्यात किमान १५ जण यायचे. बघतो तर डभोईहून बसने येणाऱ्या एका सरांचा पहिला तास रिकामा ठेवलेला. ती बस रोज उशिरा यायची. सहा वर्षं मी त्या माणसाच्या नावापुढे लाल खूण करत होतो, आणि बसची गोष्ट स्टाफरूममध्ये सगळ्यांना ठाऊक होती. मला सोडून. एका बाईंच्या सासूबाईंचं डायलिसिस मंगळवारी-शुक्रवारी असायचं, त्या दिवशी शेवटचा तास त्यांना नव्हता. असं बरंच.

आनंद झाला असं म्हणणार नाही. वाईट वाटलं. अकरापैकी आठ वर्षं संपली होती तोवर.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणाल तर वार्षिक आयोजन वगैरे मोठं पान कोरं ठेवू नका. कोऱ्या पानाला माणूस भितो. अशी एक वस्तू शोधा की जिच्यावरून पार्किंगमध्ये रोज बोलणं होतं. ती देऊन टाका. देऊन टाका म्हणजे परत मागायची नाही.

शेवउसळ · ७ जुलै, सकाळी ८:०२

काका _/\_ दंडवत. पुठ्ठ्याचे तुकडे आणि बंद पंखा! माझे बाबा हेच करायचे. आम्ही स्वयंपाकघरातून मागच्या दाराने शाळेला जायचो.

अलकापुरी_एक्सप्रेस · ७ जुलै, सकाळी ९:२०

आमच्या कंपनीत रोज सकाळी १० मिनिटांची उभ्याने मीटिंग असते. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय. बसायचं नाही म्हणून लांबत नाही. शाळांनीही हे करायला हरकत नाही.

बी_एड_पीडित · ७ जुलै, सकाळी ९:२६

करतो की. तिला प्रार्थना म्हणतात. उभ्यानेच असते.

अलकापुरी_एक्सप्रेस · ७ जुलै, सकाळी ९:२९

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

सुरसागर · ७ जुलै, दुपारी २:४५

मी सयाजीराव विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात शिकले, आता शिक्षक प्रशिक्षणातच काम करते. म्हणजे लोकरीचा गुंडा फेकणाऱ्यांपैकी एक, शिव्या खायला हजर आहे.

ताई, तुम्ही लक्ष दिलं नाही असं नाही. एक गोष्ट मुळातच उलटी होते. शाळाप्रमुखाला शाळेतून उचलून पाच दिवस दुसरीकडे नेतात, "मिळून काम करा" हे एकटीला शिकवतात आणि परत पाठवतात. उरलेले २१ जण तिथे नव्हतेच. त्यांच्या दृष्टीने मोटाबेन सुट्टीहून आल्या आणि वेगळंच बोलायला लागल्या.

न्यूझीलंडच्या व्हिव्हियन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एक संशोधन मांडलं. प्रमुखाच्या कुठल्या कामाचा मुलांच्या शिकण्यावर किती परिणाम होतो, हे त्यांनी आधीच्या बऱ्याच अभ्यासांमधून काढलं आणि पाच गट केले. आकडा जितका मोठा तितका परिणाम जास्त. साधनं पुरवणं ०.३१, शिस्तीचं सुरक्षित वातावरण ०.२७, उद्दिष्टं ठरवणं ०.४२, अध्यापनाचं नियोजन आणि देखरेख ०.४२. आणि पाचवा गट ०.८४, म्हणजे त्याच्या खालोखालच्या गटांच्या दुप्पट. काय होता तो? शिक्षकांच्या शिकण्याला चालना देणं आणि त्यात स्वतः सामील होणं. प्रशिक्षण मंजूर करून केबिनमध्ये बसणं त्यात येत नाही, बाकावर शेजारी बसणं येतं. हा आकडा थोड्याच अभ्यासांवर उभा आहे, तेव्हा देव्हाऱ्यात ठेवू नये, पण दिशा स्पष्ट आहे.

तुमच्या सात समित्यांनाही नाव आहे. कॅनडात शाळांचा अभ्यास करताना अँडी हारग्रीव्ह्ज यांनी ओढूनताणून आणलेली सहकारिता वेगळी काढून दाखवली: वरून ठरलेली, ठरल्या वेळी, ठरल्या जागी, आणि तिच्यातून काय निघणार तेही आधीच ठरलेलं. शिक्षक तिच्यात हजर असतात, सामील नसतात.

करून बघण्यासारखं म्हणाल तर जपानी शिक्षक करतात तो धड्याचा अभ्यास, त्यांच्या भाषेत जुग्यो केन्क्यू. तिघं-चौघं मिळून एकच तास आखतात, एक जण तो शिकवतो, बाकीचे मागे बसून बघतात. बघायचं मुलांकडे, शिकवणाऱ्याकडे नाही. कोणत्या मुलाने कुठे पेन खाली ठेवलं, कुणी शेजारच्याच्या वहीत डोकावलं. मग चर्चा त्या मुलांवर. शिक्षकावर बोट येत नाही म्हणून माणसं बोलती होतात. दोन-तीन तास मोकळे करायला लागतात खरे. माझ्या ओळखीच्या एका आचार्यांनी त्या वेळचे तास स्वतः घेतले. बी_एड_पीडित यांच्या प्रश्नाला मला माहीत असलेलं उत्तर एवढंच, वेळ प्रमुखाच्या खिशातून निघतो.

अवांतर: २०१२ पासून दिल्लीच्या नीपामध्ये (शैक्षणिक नियोजनाच्या राष्ट्रीय संस्थेत) शाळा नेतृत्वाचं राष्ट्रीय केंद्र आहे. त्यांच्या आराखड्यात संघबांधणी हा स्वतंत्र विभाग आहे आणि भागीदारी हा वेगळा, म्हणजे कागद वाईट नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात वर्षाला ५० तासांचा व्यावसायिक विकास अपेक्षित धरलाय, शिक्षकांसाठी आणि प्रमुखांसाठीही. हे ५० तास शाळेच्या आत, स्टाफसोबत घालवता आले तर गुंड्याची गरज पडणार नाही.

लष्करकर · ७ जुलै, संध्याकाळी ७:१०

ग्वाल्हेरहून. आमच्या घरात मराठी, शाळेत हिंदी, आणि ऑर्डरींमध्ये जी असते ती कुठलीच भाषा नाही.

मी प्रभारी प्राचार्य आहे. "प्रभारी" कधी सुटेल ते महादेवाला ठाऊक. तुमच्या इथे २२ जण कायम दिसतायत, आमच्याकडे बरेच अतिथी शिक्षक. त्यांचं पुढच्या सत्राचं आज काही पक्कं नसतं. ज्याचं स्वतःचंच नक्की नाही त्याला "शाळा आपली आहे, मिळून ठरवू" म्हणताना माझीच जीभ अडखळते.

तरी एक सांगतो. गेल्या वर्षी दहावीच्या जादा तासांची आखणी मी अतिथींवर सोडली. कायम शिक्षक रागावले, "सर, आम्ही सीनियर." मी म्हटलं, बरोबर, पण जादा तास तेच घेतात ना? तीन अतिथींनी मिळून पोरांची उजळणीची यादी केली, कोण कशात कच्चा. अशी यादी मला १५ वर्षांत कुणी दिली नव्हती. त्यातला एक जण डिसेंबरमध्ये दुसरीकडे लागला आणि यादी त्याच्या मोबाइलमध्येच राहिली. हे पण सांगितलं पाहिजे.

आणि शाळांनी शाळांशी जोडून घ्यायचं म्हणाल तर शाळा संकुल (जवळपासच्या शाळांचा गट) ही कल्पना कोठारी आयोगाची, १९६४-६६ ची. एकमेकांची प्रयोगशाळा वापरा, एकमेकांकडून शिका. आमच्याकडे संकुल प्राचार्य हे पदच आहे. माझ्या अनुभवात संकुल म्हणजे पगारबिलं आणि माहितीचे तक्ते. प्रयोगशाळेची किल्ली कधी कुणी मागितली नाही, मीही दिली नाही.

चिंचेचं_झाड · ७ जुलै, रात्री ८:३३

सातारा जिल्हा, झेडपी, द्विशिक्षकी शाळा. आमच्याकडे सहभागी नेतृत्व फार सोपं, मी प्रशिक्षणाला गेलो की शाळा जोडीदारीण बघते, ती गेली की मी. दोघं एकदम गेलो तर चौथीतला एक पोरगा सांभाळू शकेल, पण तसा जीआर नाही.

विनोद बाजूला. आमच्या शिक्षण परिषदा महिन्याला होतात, केंद्रप्रमुख घेतात. निम्म्या परिषदेत सूचना वाचून दाखवतात, त्या आम्ही व्हॉट्सअॅपवर आधीच वाचलेल्या असतात. पण आमच्याच जिल्ह्यातल्या कुमठे बीटचं (शाळांच्या एका गटाचं) नाव गाजायला लागलं तेव्हाची गोष्ट वेगळी. राज्यभरातून शिक्षक तिथल्या शाळा बघायला येत होते. मीही गेलो होतो, घर जवळ आणि उत्सुकता मोठी. कुणाचं भाषण नाही. वर्गात जमिनीवर खडूने आखलेले तक्ते, पोरं गोटे-काड्या घेऊन दशक-एकक मांडतायत, आणि आपण कोपऱ्यात बसून नुसतं बघायचं. परत येताना गाडीत आम्ही पाच जण सगळा रस्ता गणितावरच बोललो. दुसऱ्या दिवशी वर्गाची फरशी रंगवायला घेतली, स्वतःच्या पैशाने. आणि हे करा असं आम्हाला वरून कुणीही सांगितलं नव्हतं. सुरसागर म्हणतात ते हेच असावं.

विश्वामित्री_काठ · ८ जुलै, सकाळी ७:५०

ऑगस्ट २०२४ चा पूर सगळ्या वडोदरावाल्यांना आठवत असेल. आमच्या शाळेच्या तळमजल्यात कमरेएवढं पाणी. लोक मगरींचे व्हिडिओ पाठवत होते आणि आम्हाला घोर जनरल रजिस्टरांचा. १९५० च्या आसपासच्या नोंदी त्यात आहेत, लोक अजून दाखले मागायला येतात.

आचार्यसाहेब स्वतःच्या सोसायटीत अडकलेले, फोन लागत नाही. पाणी चढायला लागलं तेव्हा शाळेजवळ राहणारे आम्ही सहा जण पोचलो. तिथे सूत्रं कुणाच्या हाती होती, सांगा बघू? पटावाळे. कुठल्या कपाटाची किल्ली लागत नाही, कुठलं दार फुगलं की उघडत नाही, जिन्यावर कोणती पायरी निसटती आहे, सगळं त्यांना पाठ. एम.एस्सी. झालेले आम्ही साखळी करून उभे आणि ते वरून ओरडतायत, "पहिलं लाल बांधणीचं! काळं राहू दे, ती जुनी बिलं आहेत!" सगळी रजिस्टरं दीड तासात वरच्या मजल्यावर.

पाणी ओसरल्यावर आठवडाभर तसंच. चिखल काढला, बाकं धुतली, पालक आले, कुणी कुणाला विचारत नव्हतं. मग शाळा सुरू झाली, आणि दोन दिवसांत त्याच पटावाळ्यांना खडूचा डबा आणायलासुद्धा चिठ्ठीवर सही लागायला लागली.

मी आजही विचार करतो, त्या दोन दिवसांत नेमकं काय परत आलं? साहेब वाईट नाहीत हो. त्यांनाही बहुतेक कळलं नसेल.

शेवउसळ · ८ जुलै, सकाळी ८:१५

+१. आमच्या गल्लीतल्या गणपती मंडळात हेच. ज्या माणसाला ऑफिसात स्टेपलर सापडत नाही तो मांडवाचा हिशोब पैशापर्यंत चोख ठेवतो.

निनावी_ट्रस्टी · ८ जुलै, दुपारी १२:४०

दुसरी बाजू कुणीतरी मांडायला हवी. मी एका शिक्षण मंडळावर आहे (कुठल्या ते नको).

सगळं मिळून ठरवा, छान. पण निरीक्षणाला अधिकारी येतात तेव्हा "समितीने ठरवलं" हे उत्तर चालत नाही. नोटीस आचार्यांच्या नावाने निघते. सहलीची बस, मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी, बोर्डाच्या परीक्षेच्या पेपरांचं कपाट, फीचा हिशोब, यात मला एकच सही हवी आणि ती सही करणाऱ्याची झोप उडालेली हवी. आमच्याकडे एका आचार्यांनी सहलीचं "शिक्षकांवर सोडलं" होतं. बसचा विमा संपलेला होता, हे निघायच्या आदल्या रात्री कळलं. प्रत्येकाला वाटत होतं दुसऱ्याने बघितलंय.

तेव्हा ताई, काय देणार नाही ते आधी सांगा. स्टाफला त्याचा राग येत नाही. राग येतो "तुम्हीच ठरवा" म्हणून नंतर बदलल्याचा.

सुरसागर · ८ जुलै, दुपारी १:०५

सहमत. मी प्रमुखांना सांगते, मीटिंगच्या कागदावर प्रत्येक मुद्द्यापुढे लिहा: हे मी ठरवलंय आणि कळवतेय, हे मी ठरवणार आहे पण तुमचं ऐकून, आणि हे तुम्ही ठरवा, मी पाठीशी आहे. तिन्ही चालतात. पहिल्याला तिसऱ्याचा मुखवटा चढवला की माणसं पार्किंगमध्ये जातात. आणि बोलायला सांगायच्या आधी पाच मिनिटं चिठ्ठीवर लिहू द्या, तुम्ही सगळ्यात शेवटी बोला. मोटाबेन आधी बोलल्या की उरलेल्या मीटिंगमध्ये प्रतिध्वनीच ऐकू येतो.

मांडवीची_मास्तरीण · ८ जुलै, रात्री १०:२०

सगळ्यांना एकत्रच उत्तर देते.

काका, पार्किंगमध्ये कशावरून बोलतात याचा आज छडा लावला. थेट विचारलं नाही. पटावाळेकाकांना चहा दिला आणि विषय काढला. उत्तर एका शब्दात मिळालं: प्रॉक्सी.

बाहेरच्यांसाठी सांगते. शिक्षक रजेवर असला की त्याच्या तासाला दुसऱ्याला जायला लागतं, ती प्रॉक्सी. रोज सकाळी १०:४० ला सुपरवायझर लांबट वही उघडून लाल पेनाने नावं घालतात आणि पटावाळेकाका ती सहीसाठी फिरवतात. वहीला रबरबँड लावलेला असतो. तो काढल्याचा टक् आवाज झाला की निम्मी स्टाफरूम रिकामी. कुणी प्रयोगशाळेत, कुणी लायब्ररीत, एक सर थेट पाण्याच्या टाकीमागे. मला वाटत होतं हे गमतीचं आहे. पण आतली खदखद अशी की काही ठरावीक लोकांनाच प्रॉक्सी लागते, आणि ज्यांचं केबिनमध्ये येणंजाणं आहे त्यांना लागत नाही.

ही वही देऊन टाकायची का? सुपरवायझर दुखावतील याची भीती वाटते. त्यांच्याकडे ती नऊ वर्षं आहे.

खडूचा_तुकडा · ९ जुलै, सकाळी ६:०५

दुखावतील. त्यांनाच आधी विचारा, एकटीने, दार लावून. मला माझ्या वेळी कुणी विचारलं नव्हतं, पायच मोडला होता.

मांडवीची_मास्तरीण · १० ऑगस्ट, रात्री ९:३५

महिना झाला, धागा वर काढतेय.

सुपरवायझर दुखावल्या नाहीत. म्हणाल्या, "बेन, नऊ वर्षं रोज सकाळी २१ जणांची तोंडं वाकडी होताना बघतेय, घेऊन जा ती वही." त्यांच्या डोळ्यात पाणी होतं. कसलं ते मी विचारलं नाही.

मीटिंगच्या कागदावर सुरसागर यांनी सांगितलं तसं लिहिलं. परीक्षा, पैसे, सहल: मी ठरवणार, तुमचं ऐकून. प्रॉक्सी: तुम्ही ठरवा. चिठ्ठ्यांवर तीन नावं मागितली. निवडून आले ते गणिताचे सर, संस्कृतच्या बेन (तमे कहो तेम वाल्या!) आणि सगळ्यात ज्युनियर, तात्पुरता शिक्षक म्हणून आलेला मुलगा.

पहिला आठवडा वाईट गेला. पी.टी. सरांना नऊ प्रॉक्सी. कारण काय, तर "ते मोकळेच असतात." ते तणतणत माझ्याकडे आले. मी ड्रॉवरमधून लाल पेन काढलंही होतं. मग परत ठेवलं आणि म्हटलं, सर, त्या तिघांशी बोला. ते म्हणाले, "मग तुम्ही कशाला बसलाय?" आणि निघून गेले. त्या रात्री मला झोप लागली नाही, खरं सांगते. गणिताचे सर आणि पी.टी. सर चार दिवस एकमेकांशी बोलत नव्हते, आणि ट्रस्टींपर्यंत बातमी गेली की मोटाबेनना शाळा आवरत नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सगळे थांबले, मी न बोलावता. मी मागच्या बाकावर. दीड तास भांडण. कुणीतरी भजी आणली, ती गार झाली. त्यातून निघालेले नियम: सगळ्यांची एकेक झाल्याशिवाय कुणाला दुसरी नाही. पी.टी., चित्रकला, संगीत यांचे तास मोकळे धरायचे नाहीत. रजा आदल्या रात्री आठपर्यंत कळवली तर शिकवायचा धडा लिहून ठेवायचा, म्हणजे जाणाऱ्याला नुसतं पोरं गप्प बसवायला लागणार नाही. हा शेवटचा त्या ज्युनियर मुलाचा. नऊ वर्षांत आम्हा कुणाला सुचला नव्हता.

आणि चौथा नियम: यादीत सुपरवायझर आणि मोटाबेन दोघींची नावं. संस्कृतच्या बेननी वाचून दाखवलं आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. पंखा तेवढा घासत होता.

मंगळवारी पटावाळेकाका वही घेऊन केबिनमध्ये आले. ओशाळून उभे. "मोटाबेन, तमारी छे." पाचवा तास, आठवी ब, समाजविद्या. या खुर्चीत बसल्यापासून वर्ष झालं, मी एकाही वर्गात अर्ध्या तासाहून जास्त बसले नव्हते. पाचव्या तासाला पश्चिमेच्या खिडकीतून फळ्यावर अशी तिरीप येते की डावीकडच्या दोन रांगांना काही म्हणजे काही दिसत नाही. त्या मुलांनी वर्षभर शेजारच्यांच्या वह्यांतून उतरवून घेतलंय. वर्गशिक्षिकेने पडद्याचा अर्ज दिला होता. तो माझ्याच टेबलावर, सादिलखर्चाच्या फायलीत होता. सापडला.

बी_एड_पीडित, तुमचा मुद्दा मात्र अजून तसाच आहे. शनिवारचा तो दीड तास कुणाच्या ४५ तासांत बसतो, मला सांगता येत नाही. सात समित्याही तशाच आहेत, त्यांना हात लावलेला नाही.

बी_एड_पीडित · १० ऑगस्ट, रात्री ९:५२

धड्याचा नियम आवडला. आमच्या सुपरवायझरना नाव न घेता पाठवू का?

निनावी_ट्रस्टी · १० ऑगस्ट, रात्री १०:१५

तुमच्या ट्रस्टींना एकदा शनिवारी बोलावून मागच्या बाकावर बसवा. भजी गरम असताना.

खडूचा_तुकडा · ११ ऑगस्ट, सकाळी ६:१०

पडदा लागला का?

मांडवीची_मास्तरीण · ११ ऑगस्ट, सकाळी ७:०४

कापड आणलंय काका, मांडवीतूनच. शिवणार गृहविज्ञानच्या बेन. रॉड ठोकायला आज पी.टी. सर थांबणार आहेत, गणिताचे सर स्टूल धरतील म्हणाले. मला जमणार नाही, चौथा तास नववी अ, प्रॉक्सी.